बेबाबाईच्या भिंतीवरलं बंदर

जळगावजवळच्या असोद्यात बेबाबाईला तिच्या माघारी सगळे 'दाखवबाई' म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. बाई भांडखोर होती अशातला भाग नाही. आवाज चढवणं तिला ठाऊकच नव्हतं. पण कुणी काही ठोकून दिलं की ती पदर कमरेला खोचायची, मान जराशी तिरकी करायची आणि थंडपणे विचारायची, "कोठी? दाखव." कुठं आहे ते दाखव, एवढंच.

नवी नवरी होऊन आली तेव्हा नणंदांनी तिला सांगितलं होतं, नाल्यावरच्या चिंचेत हडळ राहते, तिन्हीसांजेला तिकडं फिरकायचं नाही. दुसऱ्याच दिवशी ही बया तिन्हीसांजेला रिकामी घागर घेऊन चिंचेखाली जाऊन उभी राहिली. चांगला अंधार पडेस्तोवर उभी राहिली. घरी आल्यावर म्हणाली, "मले तं नई दिसली व माय. तुमच्यातली एखांदी चाला माह्यासंगं, दाखवाले." नणंदा एकमेकींच्या मागं लपल्या.

हे वळण तिला बापाकडून लागलेलं. बाप वरणगावच्या फॅक्टरीत मजूर. बारूदखान्यात राबणारा माणूस, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही हे त्याच्या अंगात मुरलेलं. तो घरी भाकरीसुद्धा उलटीपालटी करून बघून मग मोडायचा. आई वैतागायची, पण लेकीनं ते बरोबर उचललं.

नवरा गिरधर स्वभावानं मेणाचा. ज्यानं दाबलं त्याच्याकडं वाकायचा. मळ्यात केळी, थोडी कपाशी, दारात एक म्हैस. शेजारी भिंतीला भिंत लावून थोरल्या भावाचं घर. थोरला चुडामण आबा. भाऊ वेगळे निघाले तरी श्रावणात बसवायची कानबाई देवी एकच राहिली होती आणि भाऊबंदकीत आबाचा शब्द अखेरचा. बैलांचा मोठा शौकीन माणूस. बाजारात बैल घ्यायचा तर लोक आबाला बैलगाडीत घालून न्यायचे. बेबाबाई आबाशी कधी बोलली नव्हती. जेठाशी सुनेनं समोरासमोर बोलायचं नाही, अशी त्या घरातली रीत. काही सांगायचं असलं तर आबाची बायको कुंदाबाई, म्हणजे हिची जाऊ, तिच्याकडं तोंड करून सांगायचं. आबा चार हातांवर उभा असला तरी. आबाही उत्तर देणार ते कुंदाबाईलाच. बिचारी कुंदाबाई मधल्यामध्ये टपालवाल्यासारखी.

तर अशा घरात एक बंदर येऊन लटकलं.

ते आणलं तांडेल मास्तरानं. मास्तर कोकणातला, हर्णैचा. शाळेवर ड्रॉइंग मास्तर म्हणून आला आणि गिरधरच्या ओसरीलगतच्या खोलीत भाड्यानं राहिला. एकटा जीव. उन्हाळ्यात ओला पंचा डोक्यावर टाकून बसायचा आणि हपापल्यासारखा वाऱ्याची वाट पाहायचा. बेबाबाई त्याला भाकरीवर वांग्याचं भरीत घालून द्यायची, ते खाताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. तिखटानं की आणखी कशानं, हे तिनं विचारलं नाही. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात त्याची बदली झाली. निघताना पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक कागद त्यानं तिच्या हातात ठेवला.

"वहिनी, हे आमचं बंदर. मीच काढलंय. तुमच्याकडे राहू द्या."

बेबाबाईनं पाहिलं. तिचा चेहरा पडला. रंगाच्या वाट्या कागदावर कलंडल्यात आणि पोरानं वरून हात फिरवलाय, असं काहीतरी होतं ते. वर निळं-करडं, ते खाली पाझरलेलं. मध्ये तांबडे डाग एकमेकांत शिरलेले. खाली बराचसा कागद कोराच.

"मास्तर, हे पूर्रं करेल नई का?"

मास्तर हसला. "पुरं आहे वहिनी. जवळून नाही दिसायचं. लांब टांगा, आणि येता-जाता बघत राहा. घाई नाही काही."

"काय पाहाचं यात? दाखवा ना."

"ते मी नाही दाखवायचा," मास्तर म्हणाला आणि पेटी उचलून यष्टीकडं गेला. हिला हिच्याच शब्दात कुणीतरी पहिल्यांदाच गप्प केलं होतं.

तिनं ते भिंतीवर टांगलं. दारासमोरच्या. एवढा माणूस आपलं गाव हातात देऊन गेला, ते काय कोठीमागं घालायचं? मग जळगावला नेऊन फ्रेम करून आणली. फ्रेमवाला म्हणाला, सोनेरी किनार लावू, देवाच्या फोटोला लावतो तशी. ही म्हणाली, साधी लाव. काच मात्र लावून आणली. घरी टांगून पाहते तर काचेत समोरचं दार, अंगणातली म्हैस, आणि स्वतः बेबाबाई. बंदर गायब! दोन दिवस तिनं ते सोसलं. तिसऱ्या दिवशी खिळे उपसून काच काढून टाकली. गिरधर हळहळला, "काचंले पयसे देयेल हायेत ना व." ती म्हणाली, "म्हैस पाहाले मी आंगनात जाईन."

आणि मग खरोखरच ती बघत राहिली. मुद्दाम नव्हे, बसून नव्हे. भाकरी थापताना चुलीपुढून मान वळवली की ते दिसायचं. धुणं घेऊन दारातून आत आलं की दिसायचं. पहिल्यांदा तांबड्या डागांची कौलं झाली. उतरती, एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवलेली, ओली झालेली घरं. त्या घरांना रेघ म्हणून कुठं नव्हती. एक रंग ओला असतानाच दुसरा सोडलेला, मग ते आपापसात सामोपचारानं जिथं थांबले तिथं भिंत आणि छप्पर. धाब्याच्या सपाट घरात राहणाऱ्या बाईला त्या उतारांची गंमत वाटली. मग एक दिवस कोऱ्या कागदाचं पाणी झालं. पाणी काढलेलंच नव्हतं. सभोवती एवढं भिजवून मधला कागद तसाच सोडून दिलेला, आणि तोच दुपारच्या पाण्यासारखा चकाकत होता. तिला आपला बाप आठवला, भाकरी उलटीपालटी करून बघणारा. छे, बापाचा इथं काय संबंध! पण आठवला. मग लांब पाण्यातला काळानिळा गोळा. आधी तिला तो ढग वाटायचा. एकदा पाहिलं तर तो तळाशी सरळ कापलेला. ढग असा बसत नाही. कुणीतरी बांधलेलं आहे ते, किल्ला-बिल्ला.

आणि पुढं, अगदी पुढं, एक मोठी नाव. काळ्या पोटाची, एका अंगावर कललेली, अर्धी पाण्यात विरघळून गेलेली. तिची डोलकाठी म्हणजे नखानं ओढावा तसा एक ओरखडा. त्या नावेच्या अंगाशी एक तपकिरी डाग होता. तो काही केल्या उलगडेना. बेबाबाईनं त्याला बरेच महिने दिले. आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला, पोरीबाळी झोक्यावर गाणी म्हणत होत्या आणि ही सांजोऱ्या तळता तळता घाम पुसायला दारात आली होती, तेव्हा तिला तो दिसला. बैल होता तो.

कढईतली सांजोरी करपली.

तिनं गिरधरला ओढत आणलं. "पाहा! बैल हाये तढी! पान्यात!" गिरधरनं एकदा भिंतीकडं, एकदा करपलेल्या सांजोरीकडं पाहिलं. "हाव हाव, हाये ना," म्हणाला आणि संध्याकाळी पारावर सगळ्यांना सांगून हसला, माह्या बायकोले भितीवर बैल दिसते म्हणून. त्या दिवसापासून बेबाबाईनं त्याबद्दल तोंड मिटलं. सांगून काही दिसत नाही, हे तिला कळलं होतं. मास्तर का गप्प बसला तेही.

जूनच्या तोंडाला वादळ आलं. असं की पत्रे पतंगासारखे गेले. गिरधरची आणि आबाची बाग शेजारी-शेजारी. दोन्ही आडव्या झाल्या. निसवलेल्या केळी, घड लोंबलेले, कमरेतून मोडून भुईवर. आबा बांधावर उकिडवा बसून राहिला. तिसऱ्या दिवशी तो गिरधरकडं चहाला आला आणि बशी ओठाला लावता लावता त्याची नजर समोर गेली.

"गिरधर, हे काय लावेल हाये रे?"

"मास्तरनं देयेल हाये. बंदर."

"बंदर नई. नाव बुडून राह्यली ना त्याच्यात!" आबानं बशी खाली ठेवली. "बुडती नाव दारासमोर टांगून बसले तुम्ही, अन् मंग म्हनता केयी काबरं पडल्या?"

झालं. आबाच्या तोंडून निघालं आणि गावात पसरलं. ज्यांची बाग गावाच्या दुसऱ्या टोकाला होती आणि तीही पडली होती, ते लोकसुद्धा मान हलवायला लागले. विहिरीवर बायका विचारत, बेबाबाई, तुमच्या घरी बुडती नाव हाये म्हन्ते? पाहायला कुणी येत नव्हतं. नुसतं विचारत होते. शेजारच्या घरातलं वासरू लंगडलं तेही नावेमुळंच.

श्रावण लागला. त्या वर्षी कानबाई गिरधरच्या घरी बसायची होती, त्याची बैठक मोठी म्हणून. कानबाई म्हटलं की घर नखशिखांत धुवायचं. भिंती पोतारायच्या, गोधड्या नदीवर न्यायच्या, भांडं न् भांडं घासायचं. नुकत्याच घासलेल्या हंड्यावर संशय आला तरी पुन्हा घासायचा. मग भाऊबंदकीतल्या पुरुषांच्या नावानं मुठी मोजून गहू दळायचे, त्यांचे रोट करायचे, आणि ते घरच्यांनीच संपवायचे. कानबाई ज्याच्या घरी बसली त्याचा त्या वर्षीचा मान.

कुंदाबाई मदतीला आली. आल्या आल्या तिनं स्टूल ओढलं, बंदर खाली घेतलं आणि ओलं फडकं पिळलं.

बेबाबाई मागच्या दारातून धावत आली आणि तिनं जावेचं मनगटच धरलं. "अक्का! पान्यानं काढेल हाये ते. पान्यानंच जाईन."

"जाऊ दे ना मंग!" कुंदाबाई म्हणाली. "बरंच होईन. ऐक बेबा, आबानं निरोप देयेल हाये. हे घरात राह्यलं तं कानबाई इथी बसनार नई. आमच्या घरी बसतीन. मले काही म्हनू नको, मी आपली सांगत्ये."

बेबाबाईनं चित्र तिच्या हातातून घेतलं, पदरानं कोरडंच झटकलं आणि पुन्हा खिळ्याला अडकवलं. वाकडं झालं होतं, ते नीट केलं.

रात्रीच्या जेवणाला गिरधर घास चिवडत बसला. "दोन दिवसाचा तं प्रश्न हाये व. काढून ठेव. कानबाई उठल्या का लाव परत. कोन पाहून राह्यलं?"

"मी पाहून राह्यली."

"आता तुले काय सांगू..."

"आयका," बेबाबाई म्हणाली. तिनं हात धुतले आणि त्याच्यासमोर बसली. "मी ते एका घटकेसाठी जरी काढलं ना, तरी कबूल केलं असं होईन. केयी त्याच्यानंच पडल्या. वासरू त्याच्यानंच लंगडलं. मंग उद्या तुमाले ताप आला तरी ते मीच आनेल. मी जित्ती हाये तोवर जे वाईट होईन ते माह्या भितीवरून आलं म्हनतीन. त्यापरीस कानबाई जाऊ द्या आबाच्या घरी. मी तढी जाऊन रोट लाटीन. पन हे उतरनार नई."

गिरधरनं तिच्याकडं पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एका दमात एवढं बोलताना त्यानं तिला ऐकलं नव्हतं. ताट सरकवून तो उठला. दाबणारे दोन होते आणि कुणीकडं वाकावं हे त्याला कळत नव्हतं.

शनिवारी दिवस कलताना आबा स्वतःच आला. मागं कुंदाबाई. उद्या कानबाई बसायच्या, आज निकाल लावायचा, असं त्याच्या पायांच्या आवाजावरूनच कळत होतं. गिरधर उगाच म्हशीला पाणी दाखवायला निघाला, त्याला आबानं नजरेनंच थांबवलं.

"तिले म्हना," आबा कुंदाबाईला म्हणाला, "काढते का मी काढू?"

बेबाबाईनं पदर पुढं ओढला आणि कुंदाबाईकडं तोंड केलं. "अक्का, आबाले म्हना, बुडती नाव दाखवा. एकडाव बोट ठेवून दाखवा. दाखवली तं मी माह्या हातानं चुलीत घालते. आत्ताच्या आत्ता. चूल पेटेल हाये."

कुंदाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. "ती म्हन्ते..."

"आयकलं मी!" आबानं खिशातून चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, नाकावर चढवला आणि तरातरा भिंतीशी गेला. नाक चित्राला लागेल इतका जवळ. बोट वर केलं. आणि तसंच धरून ठेवलं.

नाव नव्हती तिथं. काळा रंग होता, त्याच्यात निळा घुसलेला, कडेला फुटून गेलेला. एक ओरखडा होता.

"अक्का, म्हना आबाले, तो तं डाग हाये. नाव कोठी?"

"व्हती ना रे गिरधर?" आबा म्हणाला. "त्या दिशी चहा पेतो तं दिसत व्हती चांगली."

"दुरून दिसते ते," गिरधर पुटपुटला.

"म्हना आबाले, बंगईवर बसा. घाई नई."

आबाचा असा स्वभाव की गाठ सुटली नाही तर तो दात लावील, पण सोडणार नाही. तो पाठमोरा चालत आला आणि पलीकडच्या भिंतीशी टांगलेल्या झोपाळ्यावर बसला. दार पश्चिमेचं. उतरतं ऊन आत आलेलं, चित्रावर पडत नव्हतं पण खालच्या सारवलेल्या भुईवरून त्याचा उजेड वर चढत होता. काच नव्हती म्हणून चकाकी नव्हती.

"हे पाह्य! आली नाव! बुडूनच राह्यली," आबा म्हणाला.

कुंदाबाईनं हुश्श केलं. बेबाबाई चुलीच्या खोलीच्या दारात उभी होती, हात कोपराला धरून. तिच्या मागं जाळ चांगला फडफडत होता. शब्द दिला होता आणि तो आता पाळायची वेळ आली असं दिसत होतं. तपकिरी डागावर बोट ठेवून सांगावं असं एकदा जिभेवर आलं. तिनं ते गिळलं.

बंगई करकरत हलत होती. मग तिचा आवाज बारीक झाला. मग थांबला.

"गिरधर. ते तपकिरी काय हाये?"

"कोनतं? डाग हाये."

"डाग तुह्या डोक्यात हाये. ते वशिंड हाये बे." आबा पुढं झुकला. "अन् हे मान. मानेवर जू हाये. बैल हाये हा... दुसरा त्याच्या पलीकडं, त्याचं नुसतं शिंग दिसते." तो उठला, दोन पावलं पुढं गेला, बैल नाहीसा झाला असावा, कारण तो लगबगीनं मागं येऊन पुन्हा बसला. "इतक्या पान्यात गाडी कायले घातली यानं? येडा हाये का गाडीवान?"

त्यावर तोच विचार करायला लागला. ओठ हलत होते. आता खोलीत आबा आणि तो बैल एवढेच होते.

"मांगच्या पावसात माह्या खिलाऱ्यानं नाल्यात पाय टाकला नई," तो हळूहळू म्हणाला. "चाबूक मोडला तरी नई टाकला. जमीन लागत नई तढी बैल जात नई. गेलाच तं मुंडी वर करते, कान ताठ करते, डोये फाडते. अन् हा पाहा. हा मान टाकून उभा हाये. कंटायला बिचारा. केव्हाचा उभा हाये, कोनी भरून देते का नई गाडी, अशी वाट पाहून राह्यला." आबानं चष्मा काढून हातात धरला. "म्हंजे पानी त्याच्या गुडघ्याएवढं. मंग तेवढ्याशा पान्यात एवढी मोठी नाव बुडन कशी? नाव टेकेल हाये जमिनीले. उतरेल पानी हाये ते."

"समुद्र काय आपल्या नाल्यावानी हाये का, चढाले न् उतराले?" कुंदाबाई म्हणाली.

"ते मले काय ठाव! मले बैल दिसते."

आणि मग आबानं जे केलं ते त्या घरात कधी झालं नव्हतं. त्यानं कुंदाबाईला ओलांडून सरळ चुलीच्या दाराकडं पाहिलं.

"बेबा, तुले कवा दिसला व हा?"

कुंदाबाईचा हात तोंडाशी गेला. गिरधर भिंतीला टेकला. बेबाबाईनं पदर आहे तिथंच राहू दिला.

"आखाजीले दिसला आबा."

"मंग बोलली काबरं नई? इतका गाव तोंड वाजवून राह्यला!"

"बोलली असती तं तुमी म्हनले असते, बाईले काय कयते बैलातलं. पाह्यलं नसतं."

आबानं नाकातून हसल्यासारखा आवाज काढला. "नसतंच पाह्यलं." मग पुन्हा भिंतीकडं. "मास्तर बैलातला मानूस नई दिसत. पाय काढलेच नई त्यानं."

"पाय पान्यात हायेत ना," बेबाबाई म्हणाली.

"हाव व! पान्यात हायेत." आबानं मांडीवर थाप मारली. "दोन फटकारे मारले, एक वशिंडाचा, एक मानेचा, अन् कंटायेल बैल उभा केला. आमी बैल घ्याले जातो तं दात मोजतो, खूर पाहातो, शेपटी वढतो. यानं काहीच मोजलं नई. थकवा तेवढा घेतला." सूर्य खाली गेला तसं कोऱ्या कागदाचं पाणी पिवळं होत होत करडं झालं, तेही त्यानं पाहिलं. "संध्याकायचं पानी येगळं दिसते का व?"

"सकायी पाहा. सकायी आनखी येगळं."

"मंग केयी काबरं पडल्या?" कुंदाबाई इतका वेळ तोच एक प्रश्न धरून बसली होती.

"वारं आलं म्हनून!" आबा खेकसला.

दुसऱ्या दिवशी कानबाई गिरधरच्याच घरी बसल्या. चौरंग मांडला, नारळाला नथ, डोळे, लुगडं नेसवलं. समई बेबाबाईनं नेहमीच्या जागी ठेवली होती, तर आबा येऊन म्हणाला, "इथी नको, काजयी भितीवर चढन. तिकडं सरकव." एवढं बोलून तो बंगईवर जाऊन बसला आणि दिवसभर उठला नाही. भाऊबंदकीतला जो येईल त्याला धरायचा, शेजारी बसवायचा आणि बोट करून म्हणायचा, "तो पाह्य बैल." बेबाबाईला रोट लाटता लाटता राग यायचा. शेवटी तिनं आतून आवाज दिला, "आबा, आधी त्याहिले पाहू तं द्या!" सगळ्या बैठकीला ऐकू गेलं. आबा गप्प बसला, एका माणसापुरता.

सगळ्यांनाच काही बैल दिसला नाही. निंबा म्हणून एक चुलतभाऊ होता, त्याला शेवटपर्यंत दिसला नाही. तो जाताना म्हणाला, तुम्ही दोघं जेठ-सून येडे झाले. विहिरीवर काही बायका पुढंही वर्षभर कुजबुजत राहिल्या. बेबाबाई त्यांना एवढंच म्हणायची, "या, चहा पेऊन जा. बंगईवर बसा." दोघी-तिघी आल्या. एकीला बैल नाही पण नावेपलीकडं डोक्यावर टोपली घेतलेली बाई दिसली. ती बेबाबाईलाही तोवर दिसली नव्हती. त्या दिवशी बेबाबाईनं तिला चहावर शेवया खाऊ घातल्या.

पुढं ब्याण्णव-त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात पुन्हा तसंच वादळ आलं. दुपारीच काळोख झाला, धूळ उठली, मग गारा. धाब्याच्या कोपऱ्यातून पाणी गळायला लागलं. गिरधर बाहेर धावला, बेबाबाई धान्यावर ताडपत्री ओढत होती, आणि भिंतीपलीकडून, वाऱ्याच्या वर, आबाचा घोगरा आवाज आला. म्हातारा आता आजारी होता, उठता येत नव्हतं.

"बेबा! गयून राह्यलं का व तुमच्याकडं? बंदर उतरव! भिजन!"

बेबाबाईनं ताडपत्री टाकली. स्टूलावर चढली आणि चित्र आपल्या हातानं खिळ्यावरून काढलं. छातीशी धरून खाली उतरली, घोंगडीत गुंडाळलं, वर प्लॅस्टिकचा कागद बांधला, आणि ट्रंकेतली लुगडी बाजूला काढून त्यांच्या जागी ते ठेवलं. लुगडी खाटेवर भिजत राहिली.

"उतरवलं आबा!" ती भिंतीकडं तोंड करून ओरडली.

मग डोक्यावर पोतं घेतलं आणि गिरधरच्या मागोमाग बागेकडं निघाली. किती आडव्या झाल्या ते जाऊन पाहायचं होतं, आणि ज्या उभ्या असतील त्यांना टेकू लावायचे होते.